गाडी जुनी झाली म्हणून नुसती थर्ड पार्टी? मला पटत नाही

परवा गाडीच्या विम्याच्या एजंटचा फोन आला. "काकाजी, गाडी दहा वर्षांची झाली. तुम्ही चालवता तरी किती? थर्ड पार्टी टाकून देतो, काहून पैसे वाया घालवता?" थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं जे नुकसान होईल, फक्त त्याचा विमा. पोरगा चांगल्या मनानंच बोलत होता. पण हाच सल्ला आमच्या सकाळच्या फिरायच्या ग्रुपमधल्या आणखी चौघांना मिळालाय आणि त्यातल्या तिघांनी तो मानलाय. म्हणून आज जरा लांबलचक लिहितोय.

माझं वय ७१. नागपुरात प्रतापनगरात राहतो, २०१५ ची वॅगनआर आहे. वर्षाला फार तर चार हजार किलोमीटर होतात. भाजी, बर्डीची कामं, हिच्या गुडघ्यांची फिजिओथेरपी, अधूनमधून रामटेक.

आधी एक गैरसमज. आपलं वय वाढलं की थर्ड पार्टीचा प्रीमियम वाढतो असं बऱ्याच जणांना वाटतं. तो सरकार ठरवतं आणि फक्त इंजिन बघून ठरवतं. जून २०२२ पासूनचे दर बघा: १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १५०० पर्यंत ३,४१६, त्यावर ७,८९७, आणि वर १८ टक्के जीएसटी. पंचविशीतल्या पोराला आणि मला एकच दर. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग, म्हणजे ओडी, गाडीची किंमत, तिचं वय, इंजिन आणि शहर यांवर चालत आलाय. पुणे 'ए' झोनमध्ये, नागपूर 'बी'मध्ये. त्यामुळे तीच गाडी पुण्यात असती तर ओडी थोडा जास्तच पडला असता. एजंट जे वाचवायला सांगतो ते हेच ओडीचे पैसे. ते गेले की आपल्या गाडीला काहीही झालं तरी कंपनी एक रुपया देत नाही.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवते ना? अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत घुसलं. माझे एक मित्र कॉर्पोरेशन कॉलनीत राहतात, त्यांची गाडी खिडकीच्या काचेपर्यंत बुडाली. त्यांची पॉलिसी पूर्ण, म्हणजे थर्ड पार्टी आणि ओडी दोन्हींची होती, तरी इंजिनचा खर्च नाकारला गेला. पाणी ओसरल्यावर त्यांनी काळजीपोटी चावी फिरवली होती. पाणी आत ओढलं गेलं आणि इंजिन जाम झालं. सर्व्हेअरनं लिहिलं की हे पुरामुळे नाही, गाडी सुरू केल्यामुळे झालेलं नुकसान आहे. इंजिन प्रोटेक्ट नावाचं जोड कव्हर त्यांच्याकडे नव्हतं. असं काही असतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ७४ वर्षांचा माणूस महिनाभर वर्कशॉप आणि ऑफिसच्या चकरा मारत होता, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे नाल्याकाठी किंवा सखल ले-आउटमध्ये राहणाऱ्यांनी ते कव्हर आधी विचारावं. आणि बुडालेली गाडी कधीही सुरू करू नये, टो करूनच न्यावी.

आता बारीक धक्क्यांबद्दल. रिव्हर्स घेताना मान पूर्वीसारखी वळत नाही, हे आपण मान्य करावं. गेल्या वर्षी गेटच्या खांबाला बंपर लागला, बिल साडेचार हजार. मी क्लेम केला नाही, त्याचा हिशेब सांगतो. प्लॅस्टिकच्या भागाची निम्मी किंमत कापली जाते (झिरो डेप, म्हणजे ही कपात टाळणारं जोड कव्हर नसेल तर, आणि जुन्या गाडीला ते सहसा मिळत नाही), मग दर क्लेमला आपणच सोसायचे सक्तीचे एक हजार वजा. हाती आले असते दोनेक हजार. माझी एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल ओडीवर मिळणारी सवलत, ५० टक्के आहे, क्लेम केला की ती शून्यावर. चार हजारांच्या ओडीवर पुढच्या वर्षी दोन हजार जादा, मग बाराशे, हजार, सहाशे, दोनशे, कारण सवलत २०, २५, ३५, ४५ अशी हळूहळू चढते. दोन हजारांसाठी ढोबळ पाच हजार घालवायचे. ओडी आहे तो मोठ्या दणक्यासाठी: उन्हाळ्याच्या वादळात पडणारं झाड, चोरी, पूर. आणि प्रीमियम कमी दाखवायला आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, खाली ओढू देऊ नका. गाडी पूर्ण गेली तर तेवढेच पैसे मिळतात.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते कागदांचं. आमच्या गल्लीतल्या काकू काका गेल्यानंतर आठ महिने त्यांचीच गाडी चालवत होत्या. आरसी काकांच्या नावावर, पॉलिसीही. मालक वारल्यावर पॉलिसी तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवरच चालते. काकांची ५० टक्के एनसीबीही त्यांना मिळू शकली असती. पण त्या दिवसांत बँकेची, पेन्शनची कामं होतात, गाडीचा कागद कुणाला आठवतो? मी स्वतः त्यांच्यासोबत आरटीओत गेलो.

दुसरं उदाहरण उलट आहे. गाडी पुण्यातल्या मुलाच्या नावावर, चालवतात वडील नागपुरात. पॉलिसीतला १५ लाखांचा मालक-चालक अपघात विमा आरसीवर नाव असलेल्यालाच मिळतो. स्टिअरिंगवरच्या वडिलांना त्यातून काही नाही. ज्याच्या नावावर गाडी आहे त्यालाही तो मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठीच, दवाखान्याच्या बिलासाठी नाही.

लायसन्सचंही तसंच. पंचावन्नच्या पुढे ते पाच-पाच वर्षांचंच मिळतं, डॉक्टरच्या सर्टिफिकेटवर. पूर्वी मुदत संपल्यावर तीस दिवस चालायचं, २०१९ च्या दुरुस्तीनं ती सूटही गेली. प्रीमियम बारा वर्षं न चुकता भरलात आणि लायसन्स गेल्या महिन्यात संपलंय, तर क्लेम अडकतो. आजच पाकीट उघडून तारीख बघा.

आमच्यासारख्या कमी चालवणाऱ्यांसाठी किलोमीटरप्रमाणे ओडीचा प्रीमियम ठरवायची मुभा विमा नियामकानं जुलै २०२२ मध्येच दिली आहे. माझ्या एजंटनं त्याचं नावही काढलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "हो काकाजी, आहे तसं." मग फोनवर आधी हेच का सांगत नाही? ज्येष्ठांना नुसतं "बंद करा, विका, कमी करा" ऐकवायचं आणि त्यांच्या उपयोगाची गोष्ट त्यांनी खोदून विचारावी लागायची, याचा मला मनापासून राग आहे.

माझी पॉलिसी येत्या १८ तारखेला संपते. ओडी ठेवतोय, इंजिन प्रोटेक्ट मिळतंय का ते बघतोय, आणि किलोमीटरवाला दर लेखी मागितलाय. आमच्या ले-आउटच्या बागेत रविवारी साडेसातला येतो. ज्यांना आपली पॉलिसी वाचून घ्यायची आहे त्यांनी ती, आरसी आणि लायसन्स घेऊन या. चष्मा विसरू नका, अक्षरं फार बारीक असतात.