‘हौसेलासुद्धा दोन लाखांचंच पिस्तूल घ्या’ : एका फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

पॅरिस ऑलिंपिकपासून सोलापूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर नेमबाजीबद्दलचा एक मेसेज फिरतोय. मधून गायब होतो, दिवाळीचा बोनस जवळ आला की पुन्हा उगवतो. थोडक्यात मजकूर असा: ‘महिन्यातून एकदोनदा हौसेनं रेंजवर जात असाल तरी सुरुवातच परदेशी मॅच एअर पिस्तुलानं करा. दोन लाख जातील, पण नेम आपोआप सुधारतो. ट्रिगर इतका हलका की हात हलतच नाही. पदकवाले सगळे हेच वापरतात. लायसन्सची भानगड नाही. कंटाळा आला तर विकून टाका, पैसे वसूल. स्वस्तातलं घेणारा शेवटी दोनदा घेतो.’ खाली स्टायर, मोरिनी, वॉल्थर, पार्दिनी अशी कंपन्यांची नावं आणि एका काळ्या-निळ्या पिस्तुलाचा चकचकीत फोटो.

मॅच एअर पिस्तूल म्हणजे हवेच्या दाबानं छर्रा मारणारं, स्पर्धेसाठी बनवलेलं पिस्तूल. ही पिस्तुलं उत्तम आहेत, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो ‘महिन्यातून एकदोनदा’ या शब्दांबद्दल.

नेमापासून सुरू करू, कारण मेसेजचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. १० मीटर पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं असतं आणि छर्रा ४.५ मिलिमीटरचा. छर्‍याची कड रेषेला नुसती शिवली तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे छर्‍याचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिलिमीटरच्या आत पडला की दहा, आणि तिथून पुढे दर ८ मिलिमीटरला एक गुण कमी. आता पिस्तुलाकडे या. पुढची साईट (नेम धरायची खूण) आणि मागची साईट यांच्यात साधारण ३३ सेंटिमीटर अंतर धरा. पुढच्या साईटचं टोक मागच्या खाचेत मध्यावर नसून फक्त १ मिलिमीटर डावीकडे असलं, तर १० मीटरवर छर्रा ३० मिलिमीटर डावीकडे जातो. झाला दहाचा सात. साईट नीट धरली होती, पण ट्रिगर दाबताना मनगट किंचित मुरगळलं, तरी हिशोब तोच.

यात पिस्तुलाचा वाटा किती? मॅच पिस्तूल शिकंज्यात आवळून झाडलं की छर्रे जवळजवळ एकाच भोकातून जातात. कंपनीनं तपासलेला तसा कागदही पेटीत घालून देतात. म्हणजे पिस्तुलाची चूक दोनचार मिलिमीटरची आणि नवख्या हाताची चूक तीस-चाळीसची. दोन लाख रुपये यातल्या पहिल्या आकड्यावर खर्च होतात. दुसरा आकडा जागच्या जागी राहतो. उलट पिस्तूल इतकं अचूक असतं की हाताची प्रत्येक चूक ते इमानदारीनं टार्गेटवर उतरवतं. सराव करणार्‍याला ते हवंच असतं. अधूनमधून येणार्‍याचा मात्र हिरमोड होतो.

तरी मेसेजमध्ये एक कण खरा आहे, तो मान्य करतो. एका पातळीखालचं हत्यार घेऊन काहीच शिकता येत नाही. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत बंदुकीनं फुगे फोडले नाहीत असा सोलापूरकर विरळा. त्या बंदुकीची साईट कुठे आणि छर्रा कुठे, हे आपण सगळ्यांनी पैसे देऊन पाहिलंय. तेच ऑनलाइन मिळणार्‍या, दिसायला हुबेहूब खर्‍या पिस्तुलासारख्या गॅसच्या नकलांचं. त्यांतल्या बर्‍याच लोखंडी गोळ्या मारतात, नळीला आतून आटे नसतात, आणि लोखंडी गोळी कडक वस्तूवर आपटून उलट येते. असली वस्तू रेंजवर आणूच नये. पण यात्रेची बंदूक आणि स्टायर यांच्या मध्ये बरंच काही आहे: क्लबचं पिस्तूल, जुनं पण नीट राखलेलं मॅच पिस्तूल, सरावासाठी बनवलेली साधी मॉडेलं. मेसेज हा मधला सगळा पट्टा गाळतो.

ट्रिगरचा मुद्दा तर सरळ चुकीचा आहे. १० मीटर एअर पिस्तुलाच्या ट्रिगरचं वजन किमान ५०० ग्रॅम असलंच पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. मॅचआधी तपासणीत पिस्तूल उभं धरून ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन अडकवतात आणि उचलतात. वजन उचललं गेलं नाही, ट्रिगर आधीच सुटला, तर पिस्तूल बाद. ही परीक्षा दोन लाखांच्या पिस्तुलालाही चुकत नाही. महागड्या ट्रिगरमध्ये मिळतो तो एकसारखेपणा. पहिला टप्पा कुठे संपतो, सुटण्याआधी बोटाला कुठे अडतं, हे दर वेळी हुबेहूब तसंच लागतं, आणि ते आपल्या बोटाप्रमाणे बसवून घेता येतं. इलेक्ट्रॉनिक ट्रिगरमध्ये हे आणखी स्वच्छ जाणवतं. ज्याचं बोट अजून दर वेळी वेगळ्याच जोरानं दाबतंय, त्याला हा फरक कळायला बराच काळ जावा लागतो. शिवाय हवेच्या पिस्तुलाला झटका असतोच किती? छर्रा अर्ध्या ग्रॅमचा, वेग सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास. हात हलतो तो झटक्यानं नाही. आवाज होणार या धास्तीनं आपण आधीच आखडतो म्हणून.

‘पदकवाले हेच वापरतात.’ वापरतात, अगदी खरं. पण त्याच पदकवाल्यांची पूर्ण गोष्ट सांगा. मनू भाकर टोकियोला गेली तेव्हा तिच्याकडे जगातल्या उत्तम पिस्तुलांपैकीच एक होतं. पात्रता फेरीत मध्येच त्यात बिघाड झाला, दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली, ५७५ गुणांवर ती बाराव्या क्रमांकावर राहिली आणि फायनल दोन गुणांनी हुकली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिनं दोन कांस्यपदकं आणली, एक एकटीनं आणि एक सरबज्योत सिंगबरोबर. या दोन ऑलिंपिकांमधला फरक नव्या पिस्तुलाच्या पावतीनं भरून निघालेला नाही.

याच्या अगदी उलटा फोटोही तुम्ही पाहिलाय: तुर्कस्तानचा युसूफ दिकेच, एक हात खिशात, साधा चष्मा, ना खास भिंग ना डोळ्यावर झापड, आणि मिश्र गटात रौप्य. त्यावर आपल्याकडचे शहाणे म्हणतात, ‘बघा, साहित्य लागतच नाही!’ हेही फसवं. खिशातला हात सगळ्यांना दिसला, दुसर्‍या हातातलं पक्कं मॅच पिस्तूल आणि त्यामागची वर्षानुवर्षांची नेमबाजी कुणी पाहिली नाही. आपल्या शेजारच्या कोल्हापूरची राही सरनोबत २५ मीटर पिस्तुलात २०१८च्या आशियाई स्पर्धेचं सुवर्ण घेऊन आली. हे लोक ज्या यादीत आहेत त्या यादीतून आपल्या खरेदीचा निकष काढायचा, तर मग त्यांचं वेळापत्रकही उचला.

लायसन्सबद्दल मेसेज बरोबर आहे, पण अर्धाच. ०.१७७ बोअरचं (म्हणजे ४.५ मिलिमीटर छर्‍याचं) आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेचं हवेचं हत्यार घ्यायला शस्त्रपरवाना लागत नाही. मॅच एअर पिस्तुलाची ऊर्जा सहा ज्यूलच्या आसपास असते, त्यामुळे ते या सवलतीत आरामात बसतं. पण काही ग्रुपांवर याच मेसेजला शेपूट जोडलंय, की ‘पुढे .२२ किंवा .३२ही असंच घेता येतं’. अजिबात नाही. काडतुसाचं कुठलंही पिस्तूल म्हटलं की शस्त्र कायदा १९५९ आला, सोलापूर शहरात पोलीस आयुक्तालय आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालय आलं, सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आलं, आणि काडतुसांचा हिशोबही आला. कानपूरच्या शस्त्रकारखान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर तर स्वसंरक्षणासाठी बनवलेलं, आखूड नळीचं. ते हौसेच्या टार्गेट नेमबाजीला घेणं म्हणजे पैसे आणि कटकट दोन्ही विकत घेणं. आणि एअर पिस्तुलाला परवाना नको म्हणून ते पार्क चौकात मित्रांना काढून दाखवायची वस्तू होत नाही. लांबून बघणार्‍याला ते हवेचं आहे की बारुदाचं हे कळत नाही. पेटीत घालायचं, रेंजवर उघडायचं.

आता ‘विकून पैसे वसूल’. इथे मेसेज लिहिणार्‍यानं पिस्तूल कधी विकलेलं दिसत नाही. या पिस्तुलांना पुढे एक सिलिंडर असतो, त्यात साधारण २०० बार दाबाची हवा भरतात. त्यावर तारीख छापलेली असते, आणि स्पर्धेच्या नियमानुसार दहा वर्षं उलटलेला सिलिंडर चालत नाही. तुम्ही सात वर्षं कपाटात ठेवून विकायला काढलंत तर घेणारा पहिल्यांदा तीच तारीख बघणार आणि नव्या सिलिंडरचे पैसे कापणार. मग ग्रिप, म्हणजे मूठ. ती डाव्या-उजव्या हाताची वेगळी, लहान-मध्यम-मोठी वेगळी, आणि तुम्ही ती घासून आपल्या पंजाला बसवली असेल तर दुसर्‍याच्या हाताला टोचणार. रबरी सील न वापरताही कडक होतात. सोलापूरचा एप्रिल-मे, त्यात पत्र्याची खोली, हे काही त्यांना मानवत नाही. भरलेला सिलिंडर उन्हात उभ्या गाडीत ठेवणं तर धोक्याचंच. दुरुस्तीला बहुतेक वेळा पुण्या-मुंबईकडे बघावं लागतं. हुतात्मा एक्सप्रेसनं पिस्तुलाची पेटी मांडीवर घेऊन जाणारे लोक काही उगीच जात नाहीत. आणि गिर्‍हाईक कोण? असलं पिस्तूल हवं असलेली माणसं आपल्या शहरात मोजकीच, सगळी एकमेकांना ओळखणारी. भाव पडायला वेळ लागत नाही.

‘स्वस्त घेणारा दोनदा घेतो’ याला आकड्यांनी उत्तर देतो. महिन्यातून दोनदा, म्हणजे वर्षाला २४ वेळा, पाच वर्षांत १२० वेळा. दोन लाख भागिले १२०, म्हणजे दर वेळी पिस्तुलाचेच १,६६६ रुपये. छर्रे, रेंजची फी, हवा भरणं वेगळं. अर्धी किंमत परत आली असं उदारपणे धरलं तरी आठशेच्या वर. तोच माणूस आठवड्यातून पाच दिवस सराव करत असेल, तर पाच वर्षांत साडेबाराशेच्या आसपास दिवस भरतात आणि खर्च १६० रुपयांवर येतो. पिस्तूल तेच. महाग की स्वस्त ते कॅलेंडर ठरवतं.

मागच्या उन्हाळ्यात एमआयडीसीतले एक चादरीचे कारखानदार मुलाला घेऊन रेंजवर आले होते. मेसेज फोनमध्ये उघडाच होता. ‘सर, पैशाचं बघू नका, यातलं बेस्ट कुठलं तेवढं सांगा.’ मी मुलाच्या हातात एक लिटरची भरलेली पाण्याची बाटली दिली आणि हात खांद्याच्या रेषेत सरळ धरायला सांगितला. मॅच पिस्तुलाचं वजनही किलोच्या आसपासच असतं. अर्ध्या मिनिटात बाटलीतलं पाणी डुचमळायला लागलं, मुलगा ओठ चावून उभा. वडील हसून म्हणाले, ‘ह्याला अगोदर भाकरी खाऊ घालावी लागंल की!’ मॅचमध्ये ६० शॉट असतात आणि वेळ सव्वा तास, हे मी त्यांना नंतर सांगितलं. त्या दिवशी मुलानं क्लबच्याच पिस्तुलानं छर्रे मारले आणि पुढच्या रविवारी पुन्हा आला.

गंमत अशी, की पिस्तूल विकत घेण्याच्या बाजूचं सगळ्यात जोरदार कारण या मेसेजमध्ये नाहीच. ते म्हणजे ड्राय फायर. बहुतेक मॅच पिस्तुलांत छर्रा आणि हवा न वापरता ट्रिगर पुन्हा पुन्हा दाबायची सोय असते. घरी, कोर्‍या भिंतीसमोर, पिस्तूल रिकामं आहे याची दोनदा खात्री करून, रोज वीस मिनिटं फक्त साईट बघत ट्रिगर सोडायचा. मघाचा तो १ मिलिमीटर इथेच कमी होतो. रेंज लांब असलेल्या माणसाला स्वतःचं पिस्तूल यासाठी हवं. पण त्याला नवं कोरं, इलेक्ट्रॉनिक, वरच्या मॉडेलचंच लागतं असं नाही. जुनं मेकॅनिकल ट्रिगरचं, सिलिंडरची तारीख शिल्लक असलेलं पिस्तूल हे काम तितकंच चोख करतं.

दुसरं खरं कारण ग्रिप. क्लबचं पिस्तूल कितीही चांगलं असलं तरी त्याची लाकडी मूठ दहा जणांच्या पंजातून गेलेली असते. अंगठ्याखाली पोकळी राहते, घामानं हात सरकतो, दर वेळी पकड नवीन. वूड पुटी आणि कानस घेऊन बसलेला जाणता माणूस ही मूठ दोन संध्याकाळी तुमच्या हाताची करून देतो. साधं पिस्तूल घेऊन त्याच्या मुठीवर पैसे घाला, स्कोअरमध्ये फरक दिसेल. महाग मॉडेलमधली झटका शोषणारी यंत्रणा तुम्हाला तेव्हा जाणवणारही नाही.

हौशी माणसाला मी सांगेन: पाचशे छर्‍यांचा चांगला डबा घ्या, एका खेपेला ऐंशीच्या आसपास मारलेत तर सहा वेळा पुरतो. तो संपेपर्यंत क्लबचं पिस्तूल वापरा आणि प्रत्येक टार्गेटवर तारीख घाला. असे चारपाच डबे संपले, ‘मला क्लबच्या पिस्तुलात अमुक नको, तमुक हवं’ असं नेमकं बोट ठेवून सांगता आलं, जिल्हा स्पर्धेच्या पुढे राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धेआधीच्या मावळंकर स्पर्धेकडे नजर गेली, की मग स्टायर-मोरिनीचं बघू. तेव्हा दोन लाखांना मी नाही म्हणणार नाही.

मेसेजची शेवटची ओळ म्हणते, ‘युरो वाढतोय, आत्ताच बुक करा.’ आयात माल आहे, युरो वाढला तर भाव वाढतीलच. समजा वर्षभर थांबल्यानं वीस हजार जास्त पडले. त्या वर्षात तुम्ही रेंजवर येणं बंद केलंत, तर पूर्ण दोन लाख वाचले.