मोहल्ला कमिटीने देशपातळीवरच्या नेटवर्कमध्ये जावं का? माझं मत: जावं

आमच्या मोहल्ला कमिटीला शांततेसाठी काम करणाऱ्या देशभरातल्या संस्थांच्या एका नेटवर्कचं निमंत्रण आलंय. गेल्या बैठकीत त्यावर चांगलीच वादावादी झाली, ग्रुपवर अजून चालूच आहे, म्हणून एकदा नीट सगळं लिहून काढतेय.

जे नको म्हणतायत त्यांचा मुद्दा मला पटतो. दंगल गल्लीत होते आणि थांबते पण गल्लीतच. भिवंडीचंच बघा ना, १९८४ ला केवढी भयानक दंगल झाली होती तिथे, मग १९८८ मध्ये डीसीपी म्हणून आलेल्या सुरेश खोपडे साहेबांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, हिंदू-मुसलमान दोन्हीकडची साधी माणसं आणि पोलीस नेमाने एकत्र बसायला लागले, एकमेकांना नावानिशी ओळखायला लागले. डिसेंबर १९९२-जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, श्रीकृष्ण आयोगाने ९०० मृत्यू नोंदवले, आणि एवढ्या जवळची भिवंडी शांत राहिली. कुठल्या नेटवर्कने नाही, ओळखीने राहिली. हे मी शंभर टक्के मान्य करते.

पण तेव्हा अफवा पायी यायची हो. शेजारच्या मोहल्ल्यातून यायची, कमिटीतला कोणीतरी उठून बघून यायचा आणि खरंखोटं तिथल्या तिथे व्हायचं. आता ती कुठून निघते ते आपल्याला कळतच नाही.

राईनपाडा आठवतं ना? धुळे जिल्हा, साक्री तालुका, १ जुलै २०१८, बाजाराचा दिवस. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण मुलं पळवणारे समजून जमावाने ठेचून मारले, ग्रामपंचायतीच्या खोलीत. हे लिहिताना आजही हात थरथरतो माझा. आणि ही अफवा धुळ्यातली नव्हतीच! मे महिन्यात तामिळनाडूत तिरुवन्नामलाईजवळ एका वयस्कर बाईचा जीव गेला, मग बंगळुरू, मग ८ जूनला आसामात कार्बी आंगलाँगमध्ये दोन तरुण. त्या दिवसांत अनेक राज्यांत फिरणारा एक व्हिडिओ तर कराचीतल्या संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी केलेली जाहिरात होती, मूल परत आणून सोडतात तो शेवट कापून टाकलेला. म्हणजे जवळजवळ दोन महिने हे विष देशभर फिरत होतं. तामिळनाडूतल्या कोणी साक्रीतल्या कोणाला नुसता फोन केला असता, की हे असलं काही आमच्याकडे आलंय, खोटं आहे, आठवडी बाजारात आधीच सांगून ठेवा, तर? वाचले असते असं मी ठामपणे म्हणणार नाही, पण सांगणारं माणूस तरी हवं होतं ना. मला नेटवर्क हवंय ते एवढ्यासाठी.

आणि देण्यासारखं आपल्याकडे पण आहे. २०२३ ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आले, २८ सप्टेंबरला, आणि मुंबईसकट कितीतरी गावांत मुस्लिम बांधवांनी जुलूस दुसऱ्या दिवशी काढला. २०२४ ला पण विसर्जनासाठी जुलूस पुढे नेला. ही बोलणी कोण कोणाच्या घरी जाऊन करतं, मंडळाच्या अध्यक्षाला आधी विचारायचं की मशिदीच्या ट्रस्टींना, पोलिसांना कधी बोलवायचं, हे ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत. दुसऱ्या राज्यात रामनवमीच्या मिरवणुकीवरून टेन्शन असतं तिथल्या लोकांना हे ऐकायला नको का?

आमचे एक ज्येष्ठ चाचा बैठकीत म्हणाले, मोठे लोक येतील, फोटो काढतील, रिपोर्ट लिहून निघून जातील. चाचा, ही भीती खोटी नाही. म्हणूनच अटी आधी लिहून देऊ. निर्णय इथलेच लोक घेणार. आपल्या वस्तीतल्या भांडणाची माहिती, नावं, फोटो आपल्या परवानगीशिवाय बाहेर जाणार नाहीत, ही अट तर मी कदापि सोडणार नाही, कारण उद्या त्याच नावांवर कोणी उठलं तर? बाहेरच्या मीटिंगला दरवेळी तेच तेच पुरुष जाणार नाहीत, आपल्या बायका पण जातील, कारण अफवा आली की दारोदार फिरतात त्याच. आणि वर्षभराने परत बसायचं, काही उपयोग होत नसेल तर बाहेर पडायचं.

रविवारच्या बैठकीत मी हा ठराव अटींसकट मांडणार आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी तर नक्की या, आणि तुमच्या अटी असतील तर लिहूनच आणा.