कोण कुठला हे लिहू नको

गोव्यातल्या आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन आठवडे एकच विषय आहे. तळमजल्यावर भाड्याने आलेली पोरं रात्री एक-दीडपर्यंत स्पीकर लावतात, जिन्यात बाटल्या टाकतात. उपाय सुचवणारे मेसेज सगळे एका वळणाचे: घाटी आहेत ते, घालवून द्या. मी हे इंग्लंडमधल्या स्विंडनमध्ये बसून वाचते आणि मला झोप लागत नाही.

कारण दोन वर्षांपूर्वी आमच्याही डोक्यावर असाच आवाज होता. आम्ही हाऊसिंग असोसिएशनच्या फ्लॅटमध्ये राहतो. कमी भाड्याचं घर, मालक ती संस्थाच. वरचा माणूस रात्री-अपरात्री सामान आपटायचा, ओरडायचा. नवऱ्याची पहाटे पाचची शिफ्ट. तक्रार केली तर संस्थेने कोरे तक्ते पाठवले: तारीख, वेळ, काय ऐकलं, किती वेळ चाललं. तो माणूस कुठला, हा रकाना त्यात नव्हता.

तक्ते भरून पाठवले आणि सात आठवडे कोणी फिरकलं नाही. इथल्या व्यवस्थेचं गुणगान मी करणार नाही. पुरावा गोळा करायचं ओझं त्रास सोसणाऱ्यावरच पडतं. पण तेव्हा मला एक गोष्ट कळली. शेजाऱ्याविरुद्धची तक्रार वेगळी आणि ती नीट हाताळली नाही म्हणून घरमालकाविरुद्धची तक्रार वेगळी. ही दुसरी तक्रार नोंदवून घेतली की दहा कामकाजी दिवसांत उत्तर द्यावं लागतं. समाधान झालं नाही तर वरच्या पायरीवर वीस कामकाजी दिवस, आणि तरीही नाही तर हाऊसिंग ओम्बड्समन, म्हणजे घरमालकांविरुद्धच्या तक्रारी तपासणारा स्वतंत्र अधिकारी. शेजारी दोषी की निर्दोष हे ओम्बड्समन ठरवत नाही. मालकाने आपलं काम केलं का, एवढंच तपासतो. एप्रिल 2024 पासून हे नियम पाळणं संस्थांना कायद्यानेच बंधनकारक आहे. शिवाय समाजविघातक वागणुकीविरुद्धच्या 2014 च्या कायद्याप्रमाणे सहा महिन्यांत तीन तक्रारी झाल्या, तर कौन्सिल (इथली नगरपालिका), पोलीस आणि घरमालक यांनी एकत्र बसून प्रकरण पुन्हा तपासावं, अशी मागणी करता येते.

मी दुसरी तक्रार केली. उत्तर आलं. वरच्या घरात जाड गालिचा घातला गेला, दर मंगळवारी एक बाई त्याच्याकडे येऊ लागली. त्याचं दुखणं काय ते आम्हाला कोणी सांगितलं नाही, सांगायचंही नव्हतं. आवाज पूर्ण थांबला नाही, पण झोप येऊ लागली.

त्याच वर्षी चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आमच्याविरुद्ध तक्रार गेली. घुमट, शामेळ ही आमची गोव्याची वाद्यं, आरत्या, पंधरा-वीस माणसं. एक अधिकारी आली, तिने ऐकून घेतलं, नऊच्या आत आटोपायचं ठरलं. त्या दिवशी कुणी 'हे गोंयकार आहेत, काढा यांना' एवढंच लिहिलं असतं आणि तेवढ्यावर निकाल लागला असता, तर? आजोबांच्या काळच्या पोर्तुगीज कागदांवर इथवर आलेली माणसं आम्ही. 'घाटी' हा शब्द वाचताना माझ्या पोटात कालवाकालव होते.

गोव्यात कायदे नाहीत असं नाही. रात्री दहा ते सहा लाऊडस्पीकरला बंदी आहे. उपद्रव हटवण्याचा आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली दंडाधिकारी देऊ शकतो. पण तिथे राहणारा माझा दादा एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरतो आहे, आणि कुणीही त्याला अमुक तारखेपर्यंत उत्तर देतो असं लिहून दिलेलं नाही. शेजारचे काका म्हणतात, "सोड रे, फाल्यां परत तोंड पळोवचें पडटलें." म्हणजे उद्या परत एकमेकांचं तोंड बघावं लागणार. नाव उघड होईल म्हणून सही करायला कोणी तयार नाही.

आणि मालक? तळमजल्याचा फ्लॅट ज्यांचा, ते कुटुंब आमच्यासारखंच परदेशात असतं. भाडं महिन्याच्या महिन्याला खात्यात जमा होतं. ग्रुपवर त्यांना कुणी एक शब्द विचारलेला नाही. शिव्या खातात ती भाडेकरू पोरं. माझं म्हणणं सरळ आहे: घर भाड्याने देणाऱ्याने गोव्यात एक जबाबदार माणूस नेमावा, सोसायटीने तक्रार लेखी घ्यावी, पोच द्यावी, उत्तराची तारीख द्यावी, तक्रारदाराचं नाव झाकून ठेवावं. आधी समज, मग मालकाला नोटीस, मग पोलीस. परदेशात राहणाऱ्या आम्हा मालकांना हे आधी लागू करा.

काल मी त्या मालकीणबाईंना फोन केला. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. दादाला सांगितलं, आज रात्रीपासून वही कर. तारीख, वेळ, काय झालं, किती वेळ. कोण कुठला हे लिहू नको.