घेणारे, पिणारे आणि बसणारे

आमच्या शॉपमध्ये, म्हणजे कारखान्यातल्या आमच्या विभागात, दारूला तीन क्रियापदं आहेत. मॅनेजर साहेब 'घेतात'. आम्ही सुपरवायझर, टूलरूमवाले, मेंटेनन्सवाले 'बसतो'. आणि हेल्पर 'पितो'. दारूचं दुकान एकच, कधी कधी बाटलीही एकाच कंपनीची. पण "प्लांट हेड पितात" असं म्हणून बघा, जीभ अडखळते. आणि "आमचा हेल्पर कधीतरी घेतो" म्हटलं की समोरचा हसतो.

२९ वर्षं पिंपरी-चिंचवडच्या एमआयडीसीत काढली, त्यातली बहुतेक प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या मशिनींवर. पेपरात 'तरुणाई नशेच्या विळख्यात' असा मथळा आला की खाली पबचा अंधारा फोटो असतो, निळे-जांभळे दिवे. आमच्या शॉपमधलं पोरगं त्या फोटोत कधीच नसतं. बीड, परभणी, नांदेडहून आलेलं, अठरा पूर्ण झालेलं किंवा होत आलेलं, चाकणच्या पुढे एका खोलीत सहा जणांत राहणारं, पाळीपाळीने भात लावणारं. ते व्यसन कुठे शिकतं यावर कोणी लिहीत नाही. म्हणून मी लिहितोय, कारण शिकवणाऱ्यांत मीही होतो.

मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाने दारू पिऊन पोर्श चालवल्याचं प्रकरण झालं. दोन जीव गेले, आणि पोराला ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. आठवडाभर कॅन्टीनमध्ये दुसरा विषय नव्हता. शिव्या घालण्यात मीही होतो, आणि राग रास्तच होता. पण "एवढ्याशा पोराला दारू दिलीच कशी?" असं टेबलावर हात आपटून विचारणारा आमचा एक सीनियर ऑपरेटर आदल्याच शनिवारी दोन ट्रेनींना घेऊन बिअर शॉपीवर गेला होता. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी वय २१ लागतं आणि बाकीच्या दारूसाठी २५. हे त्या टेबलावर कोणालाच माहीत नव्हतं. मलाही नंतर कळलं. हा नियम पाळायचा ठरवला तर आमच्या गेटसमोरच्या परमिट रूमची निम्मी टेबलं रिकामी होतील. आणि पोरगं अठराच्या आतलं असेल तर बाल न्याय कायद्याचं २०१५ सालचं कलम ७७ आहे: मुलाला दारू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. कलमात 'देणारा' म्हटलंय. तो पबचा मालकच असला पाहिजे असं नाही.

मला देणारा माझा उस्ताद होता.

१९९६ साल. आयटीआय झालं, अप्रेंटिस म्हणून लागलो, आणि पहिल्याच महिन्यात नाइट शिफ्ट. ज्यांनी रात्रपाळी केली नाही त्यांना पहाटे तीन ते पाच हा काळ सांगून कळणार नाही. प्रेसचा ठोका एका लयीत पडत असतो, डोळे उघडे असतात आणि माणूस झोपलेला असतो. उस्तादांनी हे बघितलं. मशीन थांबवलं, मला बाजूला घेतलं, डबी काढली. एका कप्प्यातून तंबाखू, दुसऱ्यातून नखाने चुना. अंगठ्याने मळली, दोन टाळ्या दिल्या, फुंकर मारली. "घे, चिमटीभर. ओठाखाली दाब. गिळू नको." मी गिळली. वॉश बेसिनपाशी उलटी झाली, घाम फुटला, आणि झोप मात्र पार उडाली. दुसऱ्या रात्री मीच हात पुढे केला. दिवाळीच्या बोनसमधून मी घेतलेली पहिली वस्तू म्हणजे माझी स्वतःची डबी.

याच माणसाने मला डाय, म्हणजे प्रेसमधला साचा, बसवायला शिकवलं. डायच्या मध्ये हात घालायचा नाही, चिमटाच वापरायचा, हे माझ्या डोक्यात इतकं ठोकलं की माझी दहाही बोटं आज शाबूत आहेत. त्याला माझं वाईट करायचं नव्हतं. त्याला मी झोपेत हात गमवायला नको होतो, आणि त्यासाठी त्याच्याजवळ जे होतं ते त्याने माझ्या तळहातावर ठेवलं.

कॅन्टीनमध्ये तोंडाच्या कॅन्सरचं पोस्टर लावलंय. जेवताना समोर दिसतं, म्हणून पोरं त्याच्याकडे पाठ फिरवून बसतात. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, आणि गेटबाहेरच्या टपरीवर पुडी मिळते, फक्त भाव वाढलाय. मला विचाराल तर त्या पोस्टरपेक्षा पहाटे तीन वाजता पंधरा मिनिटांचा चहा सुरू करा. बारा-बारा तास उभं करायचं, दर आठवड्याला पाळी बदलायची, आणि वर म्हणायचं तंबाखू वाईट. वाईट आहेच. पण त्या पोराला तीन वाजता जागं ठेवणारं दुसरं काय आहे आपल्याकडे?

दारूचं उद्घाटन खंडेनवमीला झालं. सकाळी मशिनी पुसून लख्ख केल्या, प्रेसला झेंडूचा हार, हळदीकुंकू, नारळ. साहेबांनी आरती केली, पेढे वाटले, अर्ध्या दिवसाची सुट्टी. संध्याकाळी ढाब्यावर सगळी गँग. मी कोपऱ्यात शेंगदाणे खात होतो. माझ्यासमोर ग्लास आला, आणि उस्ताद म्हणाले, "आता तू माणसात आलास." मी सतरा वर्षांचा होतो. घरापासून साडेतीनशे किलोमीटरवर मला कोणी तरी आपल्यात घेत होतं. त्या ग्लासला नाही म्हणणं म्हणजे त्या माणसांना नाही म्हणणं. पुढे दहा-बारा वर्षं हेच वाक्य मी दर दसऱ्याला नव्या पोरांना ऐकवलं, अगदी त्याच सुरात.

एक गोष्ट उस्तादांना ठाऊक नव्हती, मलाही नव्हती. अप्रेंटिसला ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, नसतो. कामावर इजा झाली तर तेव्हा १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने पैसे मिळायचे. पण त्याच कायद्यात लिहिलं होतं, की दारूच्या किंवा नशेच्या अमलामुळे अपघात झाला आणि त्यात मृत्यू किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं नाही, तर मालकावर जबाबदारी नाही. दोन बोटं गेली तर ते 'संपूर्ण' धरत नसत. म्हणजे रात्री उस्तादाने पाजायची, सकाळी त्या अमलात प्रेसवर हात जायचा, आणि भरपाईच्या कागदावर दोष पोराचा.

आता ज्याच्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली ते. बरीच वर्षं टाळलंय.

आमच्याकडे एक प्रेस ऑपरेटर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. पर्मनंट, १९ वर्षांची सर्व्हिस, सेटिंगला एक नंबर. आवाजावरून सांगायचे की डाय कुठे घासतेय. मामा प्यायचे. मुळात ते 'बसणाऱ्यां'तले, हळूहळू 'पिणाऱ्यां'त गेले. सकाळी हात थरथरायचे, मग साडेनऊला टॉयलेटला जाऊन यायचे आणि थरथर थांबायची. आम्हाला सगळं कळत होतं. आम्ही काय करायचो? सांभाळून घ्यायचो. हलकं काम द्यायचो, गेटवर उशीर झाला की कार्ड मॅनेज करायचो, त्यांचा पगार वहिनींच्या हातात जाईल असं बघायचो. याला आम्ही माणुसकी म्हणत होतो. खरं कारण एवढंच, की मामांसारखं सेटिंग दुसऱ्याला जमत नव्हतं आणि डिस्पॅच माझ्या बोकांडी होता.

मग एकदा कस्टमर ऑडिट आलं, म्हणजे आमचा माल घेणाऱ्या कंपनीची तपासणी. ऑडिटर प्रेसपाशी थांबला, मामांशी दोन शब्द बोलला, आणि माझ्याकडे वळून त्याने नाक मुरडलं. तासाभरात मामांच्या हातात तीन दिवसांच्या सस्पेन्शनचं पत्र. सही माझी. वर मी भाषण दिलं: "घरी बसा, थेंबाला शिवू नका, माणूस बनून परत या."

मामांनी माझं ऐकलं. तीच चूक झाली. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली की शरीर उलटतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी फिट आली. तिसऱ्या दिवशी त्यांना भिंतीवर किडे दिसायला लागले, ते चपलेने मारत होते, आणि वहिनींचा फोन आला. हॉस्पिटलमध्ये तरुण डॉक्टरीण होती, माझ्या मुलीच्या वयाची. तिने विचारलं, "सस्पेंड कोणी केलं?" मी म्हटलं मी. "घरी पाठवण्याऐवजी डॉक्टरकडे पाठवलं असतंत तर औषधांवर हळूहळू उतरवता आली असती. यात माणूस जातोही." मी ४० माणसांचा इन्चार्ज. मशिनचं लुब्रिकेशन किती तासांनी हे मला तोंडपाठ होतं.

मामा वाचले. महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात राहिले, नंतर एएच्या (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंगला जायला लागले, अजून जातात. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून आहे. अवचट दांपत्याने उभं केलं, पु. लं.नी मदत केली, हे मराठी वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. पण आमच्या एचआरच्या फायलीत ना मुक्तांगणचं नाव होतं, ना दुसऱ्या कुठल्या केंद्राचं, ना सरकारी हेल्पलाइनचा नंबर. (१४४४६. टोल फ्री आहे. हवा असेल तर लिहून ठेवा.) स्टँडिंग ऑर्डर्समध्ये, म्हणजे कंपनीच्या नियमावलीत, मात्र नशेत असणं हे गैरवर्तन म्हणून व्यवस्थित छापलेलं होतं.

मामांना परत घेतलं, आणि कंपनीच्या मासिकात माझाही फोटो आला, 'संवेदनशील व्यवस्थापन'.

त्याच महिन्यात पेंट शॉपमधला एक हेल्पर वास येतोय म्हणून गेटवर सापडला होता. कॉन्ट्रॅक्टवरचा, एकोणीस-वीस वर्षांचा. सिक्युरिटीने मला फोन केला, मी कॉन्ट्रॅक्टरला केला. "उद्यापासून नको." गेटपास जमा. चार मिनिटांचं काम. तो दारूचा वास होता की थिनरचा, हेही मी विचारलं नाही. थिनरचा असू शकतो. तिथे पोरं रुमाल भिजवून हुंगतात, हे नंतर कळलं. केंद्र सरकारने एम्सकडून केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यात हुंगायच्या नशेचं प्रमाण १० ते १७ वयाच्या मुलांत १.१७ टक्के आहे आणि मोठ्यांत ०.५८. म्हणजे मोठ्यांपेक्षा मुलांत दुप्पट. आमचा थिनरचा ड्रम कुलपात असतो, पण आगीच्या भीतीने. त्या पोराचं नाव आज मला आठवत नाही. मामांच्या नातवाचं बारसं कोणत्या हॉलमध्ये झालं ते आठवतं.

मध्यंतरी एमडीची, म्हणजे मेफेड्रोन या अमली पदार्थाची, चर्चा वाढली. फेब्रुवारी २०२४ मध्ये कुरकुंभ एमआयडीसीतल्या कारखान्यातून पोलिसांनी पोत्यांनी मेफेड्रोन काढलं, तेव्हा एचआर जागं झालं. आपल्यासारख्याच शेडमध्ये, आपल्यासारख्याच एमआयडीसीत हे बनत होतं म्हटल्यावर सगळ्यांना घाम फुटला. गेटवर श्वास तपासायचं मशीन घ्यायचं ठरलं. (त्यात एमडी दिसत नाही, फक्त दारू दिसते. असो.) मला मत विचारलं. मी म्हटलं घ्या, पण आधी कार पार्किंगच्या गेटला लावा. रेल्वेचा लोको पायलट रोज ड्यूटीवर चढताना फुंकतो, विमानाचा पायलटही उड्डाणाआधी फुंकतो, त्यात कोणाला अपमान वाटत नाही कारण सगळेच फुंकतात. आमच्याकडे ते फक्त लेबर गेटला लागलं तर चार मिनिटांची कामं वाढतील, दुसरं काही होणार नाही. मीटिंगमध्ये दोन मिनिटं शांतता झाली. मशीन अजून आलेलं नाही.

मागच्या वर्षी एक ट्रेनी आला, अठराचा, लातूरकडचा. गळ्यात तुळशीची माळ. पार्टीत कोणी तरी ग्लास पुढे केला, तर दुसऱ्याने लगेच अडवलं, "अरे माळकरी आहे तो, त्याला आग्रह नको." पोराने सगळ्यांबरोबर मटण सोडून पनीर खाल्लं, दहाला खोलीवर गेला. काही महिन्यांनी ओव्हरटाइमला चहा पिताना मी विचारलं, पंढरीची वारी घरात आहे का? तो लाजला. म्हणाला, "नाही साहेब. माझे वडील पिऊन गेले. आळंदीला गेलो होतो, तिथनं विकत आणली. माळ असली की कोणी पाजत नाही." मटण आवडतं का विचारलं, तर म्हणाला, खूप.

यंदा खंडेनवमीची वर्गणी गोळा करायला पोरं आली. मी दिली. ढाब्यावरही गेलो, नेहमीच्या जागेवर बसलो. ग्लास आला तसा पालथा घातला. एकदम सगळे माझ्याकडे बघायला लागले. टूलरूमचा दोस्त म्हणाला, "काय साहेब, माळ घातली की डॉक्टरांनी सांगितलं?"

म्हटलं, दोन्ही नाही.

तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग वेटरला हाक मारून त्याने तो ग्लास सरळ करायला लावला आणि माझ्यासमोरच ठेवला, "राहू दे, नंतर लागेल" म्हणून. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला लातूरवाला पनीर खात होता. यंदाचे दोन नवे ट्रेनी आळीपाळीने माझ्या ग्लासकडे आणि स्वतःच्या ग्लासकडे बघत होते.