परदेशातून : परिपाठाचा ‘सा’ कोण देणार?

दहावी-बारावीचे निकाल लागले की विदर्भातल्या गावांत एक जुना वाद नव्याने उकरून निघतो. गळा चांगला असलेल्या मुलाला किंवा मुलीला संगीताकडे जाऊ द्यायचं का? ‘पोट्ट्याले गाणं शिकवून काय भेटते?’ हा एक पक्ष. दुसरा पक्ष अमेरिकेकडे बोट दाखवतो. तिथे म्हणे समूहगायन शिकवण्याची चार वर्षांची पदवी असते आणि त्या पदवीवर सरकारी शाळेत नोकरी लागते. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातून बघताना दोन्ही पक्ष अर्धंच खरं बोलतात असं दिसतं. ज्या प्रश्नावर वाद व्हायला हवा, तो तर दोघांच्याही बोलण्यात येत नाही: गावच्या शाळेत मुलांना एकत्र गाणं शिकवणार कोण?

आधी ती पदवी काय असते ते बघू. आठ सेमिस्टर, १२० ते १३५ क्रेडिट. प्रवेशासाठी ऑडिशन द्यावी लागते. दोन-तीन तयार गाणी, त्यात बहुधा एखादं इटालियन किंवा जर्मन, आणि मग कधीही न पाहिलेली स्वरलिपी समोर ठेवून जागेवर गाऊन दाखवायची. विशारद झालेली आपली मुलगी इथे अडते ती गळ्यामुळे नव्हे, पाच रेषांवरचा कागद वाचता येत नाही म्हणून. शिवाय आपण जागा घेतो, सूर फुलवतो. तिथे लिहिलेला स्वर लिहिलेल्या मात्रेवर सरळ लागायला हवा. प्रवेश मिळाल्यावर दर सेमिस्टरला आवाजाची वैयक्तिक तालीम आणि कॉयर म्हणजे गायकवृंद, साधारण चार सेमिस्टर संगीतशास्त्र आणि कान तयार करण्याचे तास, पियानोची किमान पात्रता, कंडक्टिंग म्हणजे वृंदाचं संचालन, परभाषेतले उच्चार, बालमानसशास्त्र, आणि शाळेत मागे बसून वर्ग पाहण्याचे ठरावीक तास. एक पूर्ण सेमिस्टर शाळेत अनुभवी शिक्षकाच्या हाताखाली उभं राहून शिकवायचं, तेही बहुतेक ठिकाणी बिनपगारी. मग राज्याचा शिक्षक परवाना. राज्य बदललं की कागदपत्रं पुन्हा करावी लागतात.

या अभ्यासातला एक भाग आपल्या मुलांना कोणी आवर्जून सांगत नाही. इथे कान तयार करताना पुष्कळ ठिकाणी ‘डो-रे-मी’ या त्यांच्या सरगमीतला पहिला स्वर ‘डो’ हलता ठेवतात. पट्टी बदलली की ‘डो’ही सरकतो. तो आपला ‘सा’च झाला. इंग्लंडमध्ये १९व्या शतकात जॉन कर्वेनने या स्वरांना हाताच्या खुणा जोडल्या आणि २०व्या शतकात हंगेरीच्या झोल्टान कोडायने त्यांवर शाळांसाठी अख्खी पद्धत उभी राहील अशी वाट घालून दिली. गांधर्व महाविद्यालयाची प्रवेशिका पूर्ण दिलेल्या मुलाच्या अंगात सरगम आधीच मुरलेली असते. त्याच्याजवळ नसतं ते दोन-तीन स्वरांच्या ओळी एकाच वेळी ऐकण्याचं वळण.

नोकऱ्यांचं चित्र असं. मुख्य वाट शाळेतल्या कॉयर शिक्षकाची. दुसरी चर्चच्या संगीत संचालकाची, ती पुष्कळदा अर्धवेळ. मुलांचे आणि प्रौढांचे हौशी कॉयर चालवणारे असतात, त्यांचं पोट सहसा दोन-तीन कामं जोडून भरतं. कॉलेजात शिकवायचं तर बहुधा डॉक्टरेट लागते. संगीतोपचार ही वेगळी पदवी आहे, ती यात धरू नये. बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याला संगीतशिक्षणाच्या पदवीनंतर कामासाठी १२ महिने मिळतात. विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना मिळणारे जास्तीचे २४ महिने इथे नाहीत. पुढे शाळेने व्हिसासाठी अर्ज करावा लागतो, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये एच-१बी या कामाच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क लावण्याचा आदेश निघाला, तो मुख्यतः अमेरिकेबाहेर असलेल्यांसाठीच्या अर्जांवर. खासगी कॉलेजात सवलतीशिवाय राहण्या-जेवणासह वर्षाचा खर्च ६० हजार डॉलरच्या वर, म्हणजे ५० लाखांच्या पुढे जातो. मोठी शिष्यवृत्ती हातात नसेल, तर या पदवीसाठी वावर विकू नका.

मग इथून घेण्यासारखं काय? ते जुन्या गोष्टींत सापडतं. बॉस्टनच्या सार्वजनिक शाळांत १८३८ मध्ये संगीत विषय आला, तो लोवेल मेसनच्या खटपटीने. त्याच्या मागे गावोगावच्या गायनशाळा होत्या, आणि त्या निघाल्या होत्या चर्चमधलं बेसूर सामूहिक गाणं सुधारण्यासाठी. मिनेसोटातल्या नॉर्थफील्डचं सेंट ओलाफ कॉलेज नॉर्वेहून आलेल्या लोकांनी काढलं, आणि १९१२ मध्ये तिथे एफ. मेलियस क्रिस्टियान्सनने जो कॉयर उभा केला तो पुढे देशभर गाजला. सगळीकडे आधी लोकांचं एकत्र गाणं होतं, पदवी मागाहून आली.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते उदाहरण अमेरिकेतलं नाहीच. आजच्या लाटव्हिया-एस्टोनिया सीमेवर वाल्का नावाचं गाव आहे. यानिस चिम्झेचं अध्यापक विद्यालय १८३९ मध्ये निघालं आणि १८४९ मध्ये या गावात आलं. खेड्यातल्या शाळांचे मास्तर तिथे घडत. त्यांना गणित-वाचनाबरोबर वर्गाला गाणं शिकवणं आणि गायकवृंद चालवणं पक्कं येऊनच बाहेर पडावं लागे. हे मास्तर आपापल्या गावी गेले, शेतकऱ्यांचे गायकवृंद उभे राहिले, आणि १८६९ मध्ये टार्टूला एस्टोनियाचा पहिला गीतमहोत्सव भरला. आज तो साधारण पाच वर्षांनी टालिनला भरतो आणि ३० हजारांहून अधिक लोक एका वेळी गातात. देशाची लोकसंख्या १४ लाखांच्या आत आहे. हे घडलं ते साध्या शाळामास्तरला शिकवल्यामुळे.

आता आपल्याकडे बघा. तुकडोजी महाराजांच्या मोझरीतल्या गुरुकुंजाने घालून दिलेली सामुदायिक प्रार्थना आजही अनेक गावांत संध्याकाळी होते. खंजिरी भजन आहे, झाडीपट्टीत दंडार आहे, गडचिरोलीत रेला आहे, मेळघाटात कोरकूंची गाणी आहेत. बॉस्टनला १८३८ मध्ये जे होतं, त्याहून हे कमी नाही. ‘कॉयर म्हणजे चर्चचं गाणं’ हा आक्षेप मला म्हणूनच पटत नाही. एकत्र गाणं इथलंच आहे. ते शाळेत नीट शिकवायला माणूस नाही, अडचण तिथे आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात कला शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक सांगितला आहे, पण सहावी ते आठवीचा पट १०० च्या वर असेल तर. आमच्याकडच्या खेड्यांतल्या कितीतरी जिल्हा परिषद शाळांत एवढा पट नसतोच. म्हणजे शाळेत संगीताचं पद असावं हा वाद आपण जिंकलो तरी लहान गावात संगीत शिक्षक येणार नाही. तिथे गाणं शिकवील तर तो वर्गशिक्षकच, आणि म्हणून प्राथमिक शिक्षक घडवणाऱ्या डी.एल.एड.च्या दोन वर्षांत वर्गाला गाणं शिकवण्याचा प्रत्यक्ष सराव हवा. आठवड्याला दोन तास, आणि शेवटी खऱ्या वर्गासमोर परीक्षा. माझा आग्रह त्यासाठी आहे.

ज्याला याच क्षेत्रात पोट भरायचं आहे, त्याच्यासाठी देशातच वाटा आहेत. नवोदय विद्यालयांत संगीत शिक्षकाचं पद असतं. केंद्रीय विद्यालयांत प्राथमिक स्तरावर संगीत शिक्षक घेतात, तिथे संगीताची पदवी लागते. आदिवासी भागांतल्या एकलव्य निवासी शाळांतही हे पद आहे. गोंदिया-गडचिरोलीच्या मुलांना छत्तीसगडमधल्या खैरागडचं इंदिरा कला संगीत विद्यापीठ जवळ पडतं. ते १९५६ पासून आहे, राजनांदगावला उतरून जाता येतं. पदवी घेताना पाच रेषांची स्वरलिपी बाजूने शिकून घ्यावी, रोज २० मिनिटं. पुढे परदेशी जायचं झालं तर तीच कामी येते.

परिपाठात नेमकं बिघडतं काय, तेही सांगायला हवं. मॅडम स्वतःच्या सोयीच्या, पेटीवरच्या काळी चार किंवा पाचपासून सुरू करतात. सहा ते आठ वर्षांच्या मुलांचा सोयीचा टापू साधारण मधल्या पांढरी दोनपासून वरच्या पांढरी दोनपर्यंत असतो. मॅडमचा सा त्याच्या चार ते सहा पट्ट्या (काळ्या-पांढऱ्या सगळ्या मोजून) खाली पडतो. मुलांना तो सापडत नाही, मग ती गात नाहीत, नुसती बोलतात. सर आपल्या खालच्या सप्तकात गातात, तेव्हा धाकटी पोरं त्या जाड आवाजाशी जुळवायला जाऊन घशात घरघरतात. मग माइकवरून हुकूम सुटतो, ‘जोरात!’ आणि गळ्याच्या शिरा ताणल्या जातात.

उपाय साधा आहे. गाणं सा ते तार सा एवढ्यात फिरत असेल तर सा पांढरी दोन किंवा काळी दोन ठेवा. पेटीवर अख्खी चाल वाजवत राहू नका, कारण मग मुलं एकमेकांना न ऐकता पेटीला ऐकतात. फक्त सा-प धरा, किंवा मोबाइलवर तानपुरा लावा. एक ओळ दोनदा गाऊन दाखवा, मुलांनी तेव्हा गप्प ऐकायचं. मग ती गातील आणि तुम्ही गप्प ऐकायचं. सरांनी नमुना द्यायला सुरात पक्की असलेली एक मुलगी पुढे घ्यावी. पक्क्या गळ्याची सगळी मुलं माइकपाशी गोळा करू नका, रांगांत पसरा. डळमळणाऱ्या मुलाच्या मागे एक पक्का आवाज हवा.

दोन ओळी एकत्र आणायच्या तर भूप रागापासून सुरू करा. म आणि नी नसल्यामुळे एका गटाच्या मागून दुसरा गट तीच ओळ धरून आला तरी स्वर फारसे टोचत नाहीत. पाश्चात्त्य कॉर्ड आणून त्यावर राग बसवायची घाई नको. भजनात पुढचा गातो, मागचे धृपद धरतात. ती सवय मुलांना आहेच.

आणि मागच्या रांगेतली आठवीची मुलं. १२ ते १४ वर्षांत कंठ फुटतो, आवाज जवळजवळ एक सप्तक खाली येतो, आणि मधल्या काळात हाताशी जेमतेम पाच-सहा स्वर उरतात. याच वेळी त्यांना सांगितलं जातं, ‘तू नुसतं तोंड हलव.’ त्यातली बहुतेक मुलं पुन्हा कधी गात नाहीत. त्यांना चाल देऊ नका. त्यांचा सा कुठे आरामात लागतो ते आधी एकेकाला विचारून बघा, दर महिन्याला पुन्हा बघा, कारण तो सरकत राहतो. ज्याला पांढरी दोनचा खालचा सा सहज लागतो त्याला तो लांब धरून ठेवायला द्या, ज्याला प सोपा जातो त्याला प. बाकी वर्ग वरून गात असताना खाली हे दोन स्वर उभे राहिले की गावच्या शाळेत पहिल्यांदा दोन थरांचं गाणं ऐकू येतं.