हौशी बॉक्सर म्हणजे कच्चा लिंबू?

एकच मेसेज गेल्या आठवड्यात तीन ग्रुपांवर आला, शेवटी आमच्या दादानेही तो टाकला. त्याचा मुलगा घोरपडीजवळच्या एका क्लबात ६० किलोत खेळतो, म्हणून नीट वाचला. मजकूर थोडक्यात असा: हौशी बॉक्सिंग म्हणजे हेडगार्ड घालून टपल्या मारणं, गुण मशीन मोजतं. ऑलिम्पिकची दोन सुवर्णपदकं जिंकलेला युक्रेनचा लोमाचेंको प्रो (म्हणजे व्यावसायिक बॉक्सर) झाल्यावर दुसऱ्याच लढतीत हरला. तेव्हा पोरांना पदकांच्या नादी न लावता थेट प्रो करा, पण लक्षात ठेवा, प्रो झालं की ऑलिम्पिकचं दार कायमचं बंद.

हेडगार्ड आणि मशीनचं आधी उरकतो. पुरुषांच्या वरिष्ठ गटातून दोन्ही २०१३ साली गेली. आता हौशीतले पंचही प्रोसारखेच प्रत्येक राउंडला दहापैकी गुण देतात. मेसेज लिहिणाऱ्याने लंडन ऑलिम्पिकनंतर टीव्ही लावलेला दिसत नाही.

‘टपल्या’ म्हणणाऱ्याने एकदा स्पर्धेच्या सकाळी वजनाच्या रांगेत उभं राहावं. प्रोचं वजन आदल्या दिवशी होतं, मग रात्रभर खाऊन-पिऊन अंग भरून घेता येतं. हौशीत मात्र ज्या दिवशी लढत, त्या दिवशी सकाळी वजन. बालेवाडीला आमचा पोरगा २०० ग्रॅम जास्त भरला. जर्किनवर रेनकोट चढवून जिन्याखाली दोरीवरच्या उड्या मारत होता, ओठ पांढरे, हातात न सोललेलं संत्रं. जिंकला, आणि पुढच्या लढतीच्या सकाळी पुन्हा तेच.

आता लोमाचेंको. हरला, हे खरं. १ मार्च २०१४, अमेरिकेतलं सान अँटोनिओ, फेदरवेट हा वजनी गट. पण समोर कोण होतं? ओरलँडो सालिडो, पन्नासहून जास्त प्रो लढती खेळलेला गडी. त्याला वजनच उतरवता आलं नाही, त्यामुळे विजेतेपदाचा पट्टा त्याने वजनकाट्यावरच गमावला. लढतीच्या रात्री तो जवळपास ६७ किलोचा होता, लोमाचेंको ६२ च्या आसपास. सालिडोने पोटात, बरगड्यांवर आणि बऱ्याचदा कमरेखालीही ठोसे मारले, रेफ्रीने ते सोडून दिले. एवढं होऊनही पंचांचा निकाल दोन विरुद्ध एक. ३९६ विजय आणि एक पराभव एवढ्या हौशी शिदोरीवर माणूस दुसऱ्याच लढतीत १२ राउंड उभा राहिला आणि शेवटी तर सालिडोच हेलपाटत होता. तिसऱ्या लढतीत त्याने जागतिक पट्टा मिळवला. मे २०१८ मध्ये, बाराव्या लढतीत, लाइटवेट या वरच्या वजनी गटाचा पट्टा घ्यायला जॉर्ज लिनारेससमोर गेला. सहाव्या राउंडला खाली पडला, उठला, आणि दहाव्यात लिनारेसला गुडघ्यावर आणलं ते बरगडीखाली यकृतावर मारलेल्या एका ठोशाने. सालिडोने ज्या जागी मारलं, ती जागा तो विसरला नव्हता, असं आपलं मला वाटतं.

थेट प्रो व्हायच्या सल्ल्याला ब्राझीलच्या रॉब्सन कॉन्सेसाँवचं उदाहरण पुरे. बीजिंग आणि लंडन, दोन्ही ऑलिम्पिकमध्ये पहिल्याच लढतीत बाहेर. तरी धीर धरून हौशीतच राहिला, २०१६ ला रिओत लाइटवेटचं सुवर्ण घेतलं, मग प्रो झाला. तिथेही जागतिक पट्टा मिळाला तो २०२४ मध्ये, चौथ्या प्रयत्नात. शॉर्टकट कुठेच नव्हता. अमेरिकेचे पर्नेल व्हिटेकर (१९८४) आणि ऑस्कर दे ला होया (१९९२) हेही लाइटवेटची ऑलिम्पिक सुवर्णं घेऊनच प्रोत गेले आणि पुढे तिथेही लाइटवेटचे विजेते झाले.

‘दार कायमचं बंद’ हे तर साफ खोटं. रिओच्या आधी, जून २०१६ मध्येच, प्रोंना ऑलिम्पिक खुलं झालं. थायलंडचा माजी प्रो विश्वविजेता अमनात रुएनरोएंग तिथे ६० किलोत उतरला आणि फ्रान्सच्या हौशी सोफियान उमिहाने त्याला थांबवलं! आपला विकास कृष्ण २०१९ ला प्रो लढती जिंकून परत आला आणि टोकियो ऑलिम्पिक खेळला.

मेसेजमधलं एक मला मान्य: बारा राउंडांचा दम वेगळा लागतो, तीन राउंडांच्या सरावावर तो येत नाही. पण आपला पोरगा अजून तिसऱ्या राउंडच्या दुसऱ्या मिनिटाला हात खाली सोडतो, दादा. बाराचं नंतर बघू.