पन्नाशीत कळलं? थांबा जरा

तर तुमची पन्नाशी उलटली, ठाण्यात नौपाड्यातल्या फ्लॅटचं लोन फिटलं आणि आता कुठे निवांत बसल्यावर कळलं की आपण पुरुष नाहीच, बाई आहोत (कळलं सातवीतच होतं, कबूल आत्ता केलंत). अजिबात घाई करू नका. आधी मुलीचं लग्न होऊ द्या, मग तिचं बाळंतपण, मग तुमची एकसष्टी, त्यात तुम्हाला सफारीचं कापड मिळेल आणि बायकोला पैठणी, तर पैठणीकडे फार वेळ बघत बसू नका, फोटोत येतं.

बायकोला तर सांगूच नका. तिचीही इतकी वर्षं यात गेली हे मनात आणायचं नाही, त्याने माणूस खरं बोलायला लागतो.

मग सोसायटीचं रिडेव्हलपमेंट आहेच. बिल्डिंग पाडून नवी बांधायला 51 टक्के मेंबरांची संमती पुरते, तुम्हाला मात्र शंभर टक्के लागणार, त्यात डोंबिवलीची आत्या आणि गावचे चुलते पण आले, आणि जे वारले त्यांना काय वाटलं असतं तेही धरायचं.

कायद्याच्या नादी लागू नका. 2014 ला सुप्रीम कोर्टाने नालसाच्या (म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या केसच्या) निकालात सांगितलं की आपण कोण हे ज्याचं त्याने ठरवायचं, ऑपरेशनची सक्ती नाही. कोर्टाला काय जातंय बोलायला, त्यांना तुमची आत्या माहीत नाही. मग 2019 चा ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीचा कायदा आला आणि जे स्वतः ठरवायचं त्यावर कलेक्टरचं सर्टिफिकेट आलं, म्हणजे झालं ना, कोर्ट नाक्याच्या कलेक्टर ऑफिसला ओळखीचं कोणीतरी भेटणारच, त्यापेक्षा नकोच.

डॉक्टरकडे गेलात तर बी ट्वेल्व्हची तक्रार सांगा. 2019 लाच डब्ल्यूएचओने ट्रान्सजेंडर असणं मानसिक आजारांच्या यादीतून काढलं आणि 2022 ला नॅशनल मेडिकल कमिशनने असल्या माणसांना ‘बरं करून देणं’ डॉक्टरसाठी गैरवर्तन ठरवलं, पण मामांच्या ओळखीचे महाराज काही कमिशनखाली येत नाहीत, तेव्हा तो रस्ता मोकळा आहे.

तीन हात नाक्याला सिग्नलवर कोणी टाळी वाजवत आली की काच वर घ्या आणि मोबाईलमध्ये बघा. तिला सोळाव्या वर्षी घर सोडावं लागलं असेल, तुम्ही घर सांभाळलंत, फरक एवढाच, पण तो सोसायटीच्या ग्रुपवर फार मोठा असतो.

आणि हो, दाढी पूर्ण पांढरी होऊ द्या. लेझर काळ्या केसांनाच धरतं, पांढऱ्याला नाही, मग एकेक केस सुईने जाळत बसावं लागतं, वर्ष दोन वर्षं आरामात जातात. हॉर्मोन्सने एकदा फुटलेला आवाजही परत बारीक होत नाही, म्हणजे तुम्ही थांबाल तसं काम वाढत जातं आणि काम वाढलं की टाळायला कारण आयतंच मिळतं.

तरी पुढेमागे कोणी विचारलंच की इतकी वर्षं बोलला का नाहीत, तर सांगा, पार्किंगचं ठरत नव्हतं.